साटो, दिमापूर आणि तीन आठवड्यांचा शिधा

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. जर-तरची चर्चा बंद करायला आपल्याकडे ही म्हण वापरतात. तरीही पानिपतचं जर-तर मराठी माणसाने कधी सोडलेलं नाही. विश्वासरावांना ती गोळी लागली नसती तर? जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत हीच कल्पना घेतली आणि गोळी चुकल्यावरचा हिंदुस्थान उभा केला.

आता हा उद्योग कॉम्प्युटरवर चालतो. ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ या खेळात १९३६ सालचं जग समोर येतं. तुम्ही एक देश निवडायचा. त्याचे कारखाने, रेल्वे, डिव्हिजन सगळं तुमच्या हातात. हौशी मंडळी या खेळात फेरफार करून वेगळंच जग तयार करतात, त्याला मॉड म्हणतात. ‘कायझरराइख’ हे त्यातलं गाजलेलं मॉड. त्यात पहिलं महायुद्ध जर्मनीने जिंकलंय, ब्रिटनमध्ये क्रांती झालीय आणि हिंदुस्थानचे तीन तुकडे आहेत: बंगालकडे भारतीय कम्यून, दिल्लीला डोमिनियन, दक्षिणेत संस्थानिकांचा संघ. ऐकायला अचाट वाटतं, पण ही मंडळी पटण्याजोगं काय आणि न पटणारं काय यावर वर्षानुवर्षं भांडतात आणि न पटणारा भाग पुन्हा लिहून काढतात. एक गोष्ट बदला, बाकी जग तसंच ठेवा, मग परिणाम मोजत जा, अशी ती शिस्त आहे. आमच्या ‘अप्रिसिएशन’पेक्षा ती फार वेगळी नाही.

आमच्या मेसमधला एक तरुण कॅप्टन रात्री जेवणानंतर लॅपटॉप उघडून बसतो. मध्यंतरी तो जपान घेऊन खेळत होता. एप्रिल १९४४ ला त्याने दिमापूर घेतलं आणि दिवाळीपर्यंत दिल्ली. मला म्हणाला, “सर, साटोने कोहिमाला वेळ घालवला नसता तर हे खरंच झालं असतं का?”

सध्या पोस्टिंग याच डोंगरात आहे. दिमापूर-कोहिमा रस्त्याने आमचे कॉन्व्हॉय जातात. त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेता आला नाही.

आधी घडलं ते सांगतो. मार्च १९४४ च्या मध्याला मुतागुचीच्या पंधराव्या आर्मीने इंफाळ-कोहिमाच्या दिशेने चिंदविन नदी ओलांडली. कोहिमाकडे निघालेल्या ३१ व्या डिव्हिजनचा कमांडर होता लेफ्टनंट जनरल साटो. जवळ शिधा साधारण तीन आठवड्यांचा. पुढचं पोट शत्रूच्या गोदामांवर भरायचं, असा हिशेब. जपानी सैनिक त्या मालाला ‘चर्चिलचा पुरवठा’ म्हणत. आणि ती गोदामं होती दिमापूरला, रेल्वेच्या कडेला मैलोन् मैल पसरलेली. कोहिमापासून अंतर सुमारे ७५ किलोमीटर. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे लढणारं सैन्य नावापुरतंच होतं. जनरल स्लिमने आपल्या आठवणींत ही धास्ती मोकळेपणाने लिहिली आहे. साटो मात्र कोहिमाच्या टेकड्यांवर अडकला. मुतागुचीने दिमापूरकडे निघण्याचा हुकूम दिला होता, पण त्याचा वरिष्ठ कावाबे याने तो रद्द केला.

म्हणजे कॅप्टनचा प्रश्न अगदीच हवेतला नाही. पुरवठ्याचा मुद्दा इथे साटोच्या बाजूनेही बोलतो. दिमापूर हाती आलं असतं तर भात, पेट्रोल, औषधं सगळं मिळालं असतं.

पण पुढे? इंफाळचा रस्ता मार्चअखेरीलाच तुटला होता आणि तिथलं सैन्य विमानातून येणाऱ्या मालावर जगत होतं. दिमापूर पडल्यावरही ते जगलंच असतं. खरा फटका बसला असता तो लेडोकडे जाणाऱ्या रेल्वेला, म्हणजे उत्तर ब्रह्मदेशात लढणाऱ्या स्टिलवेलला आणि चीनला माल नेणाऱ्या आसामच्या विमानतळांना. हा फटका मोठा होता. दिल्ली मात्र त्यानंतरही ब्रह्मपुत्रेपलीकडे, शेकडो कोस दूर. अंगावर पावसाळा, हवेत शत्रूची विमानं, आणि पकडलेला माल पुढे न्यायला गाड्या नाहीत. पटणारं जर-तर असं आक्रसत जातं. दिल्लीपासून सुरू होतं आणि लेडोच्या रुळांवर येऊन थांबतं.

खेळ हे का दाखवत नाही? पुरवठा त्यात आहे. २०२१ च्या ‘नो स्टेप बॅक’नंतर तर रेल्वे, पुरवठा केंद्रं, ट्रक हे सगळं बरंच नीट आलं. पण खेळातली डिव्हिजन ‘नाही’ म्हणत नाही. साटो म्हणाला. मेअखेरीस शिधा आणि दारूगोळा संपल्यावर, वरून मनाई असताना, त्याने माघार सुरू केली. त्याला कमांडवरून काढलं. मोहिमेतल्या बाकी दोन डिव्हिजनच्या कमांडरांनाही मुतागुचीने काढलं. या मोहिमेत सुमारे ३०,००० जपानी मेले, त्यातले पुष्कळ भुकेने आणि रोगाने. माउसने ओढलेल्या बाणाला भूक लागत नाही.

खोट्या जर-तरची किंमत जपानी नौदलाने आधीच मोजली होती. मे १९४२ मध्ये ‘यामातो’ युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा युद्धखेळ झाला. फाशांच्या हिशेबाने अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागले आणि दोन विमानवाहू नौका बुडाल्या. चीफ ऑफ स्टाफ उगाकीने नवाचे तीन केले, आणि बुडालेली ‘कागा’ पुढच्या फेरीत पुन्हा तरंगू लागली. जूनमध्ये मिडवेला आकागी, कागा, सोर्यू, हिर्यू या चारही बुडाल्या. त्या काही पुन्हा तरंगल्या नाहीत.

या प्रदेशातलं खरं जर-तर मला सांगशाकला दिसतं. उख्रुलजवळचं हे लहानसं गाव. २२ ते २६ मार्च १९४४ असे पाच दिवस ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने ते धरून ठेवलं. त्या ब्रिगेडसोबत आपली ४/५ मराठा लाइट इन्फंट्री होती. पाण्याची मारामार, विमानातून टाकलेला बराचसा माल शत्रूच्या हद्दीत. कोहिमाकडे निघालेला मियाझाकी वाट वाकडी करून इथे गुंतला आणि त्याच्या ५८ व्या रेजिमेंटची माणसं आणि दिवस दोन्ही खर्च झाले. कोहिमावर हल्ला सुरू झाला ४ एप्रिलला आणि रॉयल वेस्ट केंटची पलटण पोचली ५ ला. मियाझाकी आठवडाभर आधी आला असता तर अडवायला कोण होतं, ते तारखाच सांगतात.

मराठी घरात वाढलेल्याला हा खेळ खेळताना आणखी एक अडचण आहे. बाजू कोणती घ्यायची? सांगशाकला मराठा पलटण होती आणि जपान्यांसोबत आझाद हिंद सेना होती. १४ एप्रिल १९४४ ला मोइरांगला तिरंगा फडकला, तेव्हा कोहिमाचा वेढा चालू होता. ‘चलो दिल्ली’ खरं व्हावं असं वाटणारं मन आणि दिमापूरच्या गोदामांचा हिशेब करणारं डोकं एकाच माणसाचं असतं. कोहिमाच्या युद्धस्मशानात १,४२० थडगी आहेत आणि दहन झालेल्या ९१७ हिंदू-शीख जवानांची नावं कोरली आहेत. तिथे उभं राहिलं की कोणत्याही एका बाजूचा सोपा विजय लिहवत नाही. मनाला हवं ते मांडायला हरकत नाही. फक्त मग बुडालेली कागा तरंगवायची नाही.

कॅप्टनला आणि त्याच्या बरोबरीच्यांना मी एक काम दिलं. तुम्ही साटो. एक रेजिमेंट कोहिमाला ठेवा आणि दिमापूरला निघा. शिधा, दारूगोळा, खेचरं आणि पाऊस एका कागदावर मांडून आणा. सँड मॉडेलभोवती दीड तास वाद झाला. शेवटी कॅप्टन म्हणाला, “सर, दिमापूर कसंबसं होतंय. दिल्ली होत नाही.”

मग थोडा थांबून म्हणाला, “पण यात सांगशाकचे पाच दिवस गेलेले धरलेत. ते काढले तर कागद पहिल्यापासून लिहावा लागेल.”

पुढच्या शनिवारी तो लिहायला बसणार आहोत.