तिच्या नावची येझदी

केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षं ओलांडलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो आणि त्या मानाच्या बदल्यात ती रोजच्या वापरातून उठते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतंच तिनं रस्त्यावर यायचं. आमच्या घरची येझदी १९७९ची आहे. म्हणजे २०२९ साली ती या मानाला पात्र ठरेल. पण तो मान आम्हाला नको. ही गाडी माझ्या बायकोला चालवायची आहे, आणि मूलहून गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्यापर्यंतचा रस्ता लहानपणापासून तिच्या मनात आहे.

सासरे वनखात्यात वनपाल होते. आलापल्ली, जिमलगट्टा, सिरोंचा अशा बदल्यांत त्यांची उमेदीची वर्षं खर्ची पडली. गाडी घेतली तेव्हा हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ला. पावसाळ्यात नाले फुगले की एसटी बंद, आणि एसटी बंद म्हणजे डाकही बंद. अशा रस्त्यांवर येझदी टिकली, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फार थोडं होतं. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्याने गाड्या बनवायला सुरुवात केली, आणि पुढे त्याच घडणीची गाडी येझदी नावाने आली. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. प्लग, पॉइंट आणि कार्बोरेटर या तिघांशी ओळख असली की माणूस तिला जंगलातूनही घरी आणू शकतो. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. गाड्या मात्र गावोगावच्या गोठ्यांत, सपऱ्यांत उभ्या राहिल्या.

सासऱ्यांची गाडीही निवृत्तीनंतर चामोर्शीच्या घराच्या सपरीत अशीच उभी होती. ते गेल्यावर भंगारवाल्याला बोलवायचं ठरत होतं. तेव्हा ही भावांना म्हणाली, “वाटणीत मला दुसरं काही नको. गाडी द्या.” लहानपणी बाबांच्या मागे बसून तिनं त्या जंगलातून पुष्कळ प्रवास केला. भाऊ चौदाव्या वर्षी गाडी शिकला. तिच्या हातात हँडल द्यावं हे कुणाला सुचलं नाही. तिनं मागितलंही नाही. आज ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे, कामासाठी स्कूटरवर गावोगाव जाते. पण मनातून ती इच्छा गेली नव्हती. गाडी टेम्पोत चढली तेव्हा ती मला म्हणाली, “अहो, ही शोभेला ठेवायची नाही बरं का. मला चालवायची आहे.” त्या एका वाक्याने माझ्या कामाचं स्वरूप ठरवून टाकलं.

चंद्रपूरच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यांनी किक दाबून पाहिली, ती हलेना. “पिस्टन जाम हाय दादा. क्रँकबी गेली असंन तं खर्च येते,” ते म्हणाले. मग विचारलं, “चालवणार कोण? तुमी?” मी म्हणालो, बायको. ते क्षणभर गाडीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मंग वहिनीची उंची सांगा, हाताचा पंजा दाखवाले त्यायले घेऊन या. गाडी त्यायच्या मापानं बांधा लागंन.” इतक्या वर्षांत जुन्या गाड्यांबद्दल मी पुष्कळ वाचलं, ऐकलं, इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. जुनी गाडी नव्यानं उभी करणाऱ्याचा डोळा सहसा मागे लागलेला असतो: मूळ रंग कोणता होता, मूळ नट कोणत्या डोक्याचा होता. चालवणारं माणूस समोर असलं की डोळा पुढे वळतो. तिचे पाय जमिनीला टेकतील का? तिच्या बोटांत क्लचचा दांडा मावेल का?

प्लगच्या भोकातून डिझेल सोडून ठेवलं आणि पिस्टन हळूहळू सुटला. सिलिंडर बोअर करून एक साइज मोठा पिस्टन घातला, नव्या रिंगा घातल्या. क्रँकचे ऑइल सील मिस्त्रींनी आवर्जून बदलले, आणि का बदलले तेही समजावलं. टू-स्ट्रोक इंजिन क्रँककेसमधूनच श्वास घेतं. वाळलेल्या सीलमधून फाजील हवा आत आली की पेट्रोल पातळ पडतं, त्यातलं ऑइलही पिस्टनला पुरत नाही, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपुरात हा दोष भर दुपारी रस्त्यावर उघडा पडतो. सायलेन्सरमधला जुना कार्बन जाळून काढला. घुग्घूस-पडोलीकडच्या कोळशाच्या धुळीचा अनुभव असल्याने एअर फिल्टरवर मी स्वतः जास्त वेळ दिला.

दोन ठिकाणी मूळ रूप सोडलं. पहिलं दिव्याचं. सहा व्होल्टचा जुना दिवा इंजिन मंद झालं की पिवळा पडतो, आणि वळणावर गाडी मंद करावीच लागते, नेमकं तिथंच रानडुक्कर नाहीतर चितळांचा कळप आडवा असतो. आम्ही बारा व्होल्टची जोडणी केली. दुसरं सीटचं. आतला फोम कापून ती खाली घेतली, हँडल थोडं मागे ओढलं. टाकीला उजव्या बाजूला मोठा पोचा होता, सासरे एकदा आष्टीजवळ पडले होते तेव्हाचा. तो तसाच ठेवावा असं मला वाटत होतं. हिने सरळ सांगितलं, “पोचा काढून टाका. बाबा पडले ते मला कशाला रोज पाहायचं? ते गाडी कशी चालवायचे, ते माझ्या ध्यानात आहे.” पोचा काढला, टाकी पुन्हा काळी केली.

येझदीची एक खोड सांगायलाच हवी, कारण शिकवण्याची सुरुवात तिथूनच झाली. या गाडीला किकची कांडी वेगळी नाही. डाव्या पायाशी असलेला गिअरचा दांडा आत दाबायचा आणि मागे वळवून उभा करायचा की तीच किक. इंजिन सुरू झालं की दांडा पुन्हा आपल्या जागी, पुन्हा गिअर. आधी कार्बोरेटरवरचं बारीक बटण दाबून धरायचं. बोटाला पेट्रोल ओलं लागलं की पुरे. मग जोरानं नव्हे, दाब लागतो ती जागा पायाने शोधून तिथून एकदाच खाली जायचं. दाब कुठे लागतो हे मला सांगून समजवता येईना. हिने डोळे मिटले, पायाने दोन-चारदा ती जागा चाचपली आणि एका किकमध्ये गाडी सुरू केली. या गाडीचं आणखी एक सुख आहे: गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे चालत्या गाडीत डाव्या हाताला विसावा मिळतो. लहान पंजाच्या माणसासाठी ही सोय फार मोलाची.

चालवणं लवकर जमलं. त्यानंतर मी ठरवलं की गाडी उघडणंही तिला आलं पाहिजे. आलापल्ली ते सिरोंचा हे सुमारे शंभर किलोमीटरचं जंगल, मध्ये रेपनपल्ली, जिमलगट्टा अशी थोडी गावं. येझदीचा मिस्त्री त्या वाटेवर कुठून मिळणार? तिला तिथं पाठवायचं आणि बिघाड झाला की मला फोन कर म्हणायचं, आणि तिथं फोनची रेंज असेलच असं नाही, तर ती गाडी तिची कशी म्हणायची? ज्याच्या दुरुस्तीवाचून ती चालत नाही, त्याचीच ती राहते. म्हणून पॉइंटमधली फट फिलर गेजने ०.४ मिलिमीटर कशी राखायची, पॉलिश पेपरने पॉइंट कसे घासायचे, जेट फुंकून कसा साफ करायचा, तुटलेली क्लच केबल कशी बदलायची, हे सगळं तिनं माझ्याशेजारी बसून केलं. मी हात मागे ठेवले. तिच्या हातातला पाना काढून घेण्याचा मोह मला शंभरदा झाला. जाणत्या माणसाला दुसऱ्याचा संथ हात पाहवत नाही. पण शिकणाऱ्याचा हात संथच असतो, आणि त्याला तो वेळ देणं हे शिकवण्यातलं निम्मं काम आहे.

हे करताना मला सारखी शोधग्रामची आठवण व्हायची. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी १९८०च्या दशकात गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था सुरू केली, शोधग्राम हे तिचंच ठिकाण. गावातल्या बाळंतपणात मुलं दगावत होती आणि दवाखाना कोसभर नव्हे, दिवसभर दूर होता. त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन करणं, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शनही देणं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते अशांसाठी श्वास मोजायचं मण्यांचं साधं साधन केलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला: त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. डॉक्टरकडची विद्या बाईच्या हातात गेली म्हणून हे घडलं. आजही देशभरातल्या आशाताई नव्या बाळाच्या घरी भेट द्यायला जातात त्याचं एक मूळ या जंगलात आहे. मोटारसायकल आणि बाळाचा जीव यांची बरोबरी मी करत नाही. पण मदतीच्या दोन जाती असतात हे मी या जिल्ह्यातच शिकलो. एकीत मदत करणाऱ्याची गरज कायम राहते, दुसरीत ती हळूहळू संपते. आपल्या माणसाला द्यायची ती दुसरी.

कागदांच्या बाबतीतही हेच. वारसाच्या नावाने गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो, पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी नव्यानं करायला फॉर्म २५. मग पर्यावरण कर, विमा, पीयूसी. खिडकीवर कुणीतरी सुचवलं की गाडी साहेबांच्याच नावावर करून टाका, सोपं जाईल. ही म्हणाली, सोपं नको. आरसी बुकावर तिचं नाव लागलं त्या दिवशी आम्ही घरी गोड केलं.

नातेवाइकांचं म्हणणं आपल्या जागी होतं. एवढी जड गाडी बाईमाणसाला कशाला, स्कूटी काय वाईट, आणि तुम्ही सोबत असालच ना? माझ्याही मनात काळजी होती. चंद्रपूरच्या जंगलात वाघ, गडचिरोलीत अस्वलं, आणि २०२१पासून छत्तीसगडकडून आलेले रानहत्ती. जंगल निर्धोक करणं माझ्या हाती नव्हतं. ब्रेक लागतील, दिवा उजळ राहील, एवढं मी पाहू शकत होतो. बाकीची काळजी माझी मलाच वागवायची होती. ती तिच्या मागच्या सीटवर बसवून पाठवायचा मला अधिकार नव्हता. १९३४-३५ साली थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी इंग्लिश बायका पँथर मोटारसायकल आणि साइडकार घेऊन लंडनहून सहारा ओलांडत केप टाउनला पोचल्या, तेव्हाही त्यांना पुष्कळांनी नको म्हटलं होतं. वॉलकने इंजिनीअरिंगचं शिक्षण घेतलं होतं, आणि वाटेतल्या बिघाडांशी दोघींनी वाळवंटातच झुंज घेतली.

डिसेंबरच्या थंडीत ही एकटी निघाली. आलापल्लीला एका मैत्रिणीकडे मुक्काम, मग सिरोंचा. रात्री फोन आला. प्राणहिता गोदावरीला मिळते तो संगम किती रुंद दिसला, जिमलगट्ट्याचं बाबांचं जुनं क्वार्टर अजून उभं आहे, सागाची पानं रस्त्यावर कशी वाजत होती, हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणाली, “हो, रेपनपल्लीच्या पुढे गाडी बंद पडली होती. प्लगमध्ये कार्बन अडकला होता. काढला आणि निघाले.” शाळेतून परतणाऱ्या काही मुली तिथं थांबल्या होत्या. एकीने प्लग हातात धरून पाहिला आणि विचारलं, “बाई, हे आमाले येईन का?” ही म्हणाली, “का नाही येणार?” आणि साफ केलेला प्लग तिलाच हाताने आटे बसेपर्यंत फिरवायला दिला.

आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शिक्षिका, परिचारिका, आशाताई, बचतगटाच्या बायका गाड्यांवर फिरताना दिसतात, आणि पाहून बरं वाटतं. पण पुष्कळदा गाडीचे हप्ते तिचे असतात आणि आरसी बुक दुसऱ्याच्या नावाचं. पेट्रोल ती भरते आणि गाडीचा हत्यारांचा डबा तिनं कधी उघडलेला नसतो. गाडी घरात आली की हे दोन हिशोब लगेच पुरे करावेत. कागद तिच्या नावावर करावा. आणि प्लग पाना, जादा प्लग, केबल, पॉलिश पेपर यांची कॅनव्हासची गुंडाळी सीटखाली ठेवून ती एकदा तिच्याकडूनच उघडवून घ्यावी. आमच्या येझदीचा दुसरा गिअर हल्ली अधूनमधून सुटतो. येत्या रविवारी क्लचचं कव्हर ही खोलणार आहे. मला तिनं सांगून ठेवलंय: गॅस्केट नागपूरहून मागवा, आणि विचारल्याशिवाय मध्ये बोलू नका.