परत येण्याचे पुरावे

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपण वर्गात शिकवतो. प्रवासाच्या आराखड्याला मात्र वाङ्मयप्रकार म्हणायला कोणी धजत नाही. आम्हीही धजलो नसतो. पण येत्या मे महिन्यात रोमला जायचे ठरले आणि आम्ही चौघे, म्हणजे भोरला राहून साहित्य शिकवणारे तिघे आणि भूगोलाचे एक सर, आठ दिवसांचा दिवसवार कार्यक्रम लिहायला बसलो, तेव्हा आपण एक कथाच रचत आहोत हे ध्यानात आले. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला असा कार्यक्रम जोडावा लागतो. न घडलेल्या गोष्टी, त्याही अगदी खात्रीच्या सुरात, एका अनोळखी वाचकाला पटतील अशा लिहायच्या. वरसईच्या गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीत केलेला प्रवास पंचवीसेक वर्षांनंतर लिहून काढला आणि तो छापून यायला १९०७ साल उजाडले. आमचे उलटे होते: लेखन आधी, प्रवास नंतर, आणि तोही वाचकाने परवानगी दिली तर.

रोमच का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की रोम आम्ही आधीच वाचलेले होते. मीना प्रभूंचे 'रोमराज्य' आमच्यापैकी दोघांच्या घरी आहे. ज्या शहरावर इतके लिहिले गेले आहे त्याचा आराखडा करणे सोपे असते. दुसऱ्यांच्या वाक्यांना खुणा करत जायचे. कलोसियमला वेळ ठरवूनच तिकीट घ्यावे लागते, तेव्हा ते पहिल्या सकाळी. पॅन्थिऑनला २०२३ पासून तिकीट पडते, ते दुसऱ्या दिवशी. एक दिवस व्हॅटिकनला. इथवर कुणाचेच दुमत नव्हते. वाद झाला तो खाण्यावरून, आणि वाद झाला म्हणूनच तो भाग पुढे रंगला.

आमच्यातल्या एक मॅडम निष्ठावंत शाकाहारी. त्यांनी वाचून ठेवले होते, की तिथल्या ज्यू वस्तीत हातिचोक नावाच्या फुलभाजीचे कळे तेलात असे तळतात की पाकळ्या कुरकुरीत होऊन उलगडतात. ही वस्ती म्हणजे १५५५ साली पोपच्या हुकुमाने भिंतीआड कोंडलेली माणसे. गरिबीत जे हाती आले त्याचे त्यांनी पक्वान्न केले. पण या भाजीचा खरा हंगाम वसंतातला, मे महिन्यात तो सरत येतो. दुसरा पदार्थ मेंढीच्या दुधाचे खारट चीज आणि मिरी एवढ्यावरच भागणाऱ्या शेवयांचा. तो रानात हिंडणाऱ्या धनगरांचा, अशी तिथली परंपरा सांगते. हे ऐकल्यावर भूगोलाचे सर म्हणाले, "म्हणजे राजगडावर दही विकतात, त्यातलीच गोष्ट." उपमा ओढूनताणून आणलेली नव्हती. गड चढून घामाघूम झालेल्या माणसाला पद्मावती माचीवर मिळणारे दही हेही पायथ्याच्या वाड्यावस्त्यांतून डोक्यावर वाहून आणलेले असते.

सरांना रस होता तो टेस्ताच्चो या भागात. तिथे एक टेकडी आहे, सुमारे पस्तीस मीटर उंच, आणि ती खापरांची आहे. स्पेनहून आणि आफ्रिकेहून तेल भरून आलेले मातीचे रांजण रिकामे झाले की फोडायचे आणि रचून ठेवायचे, असे प्राचीन रोमन लोकांनी कित्येक पिढ्या केले. त्याच भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराचा कत्तलखाना उभा राहिला, तो १९७५ पर्यंत चालला. तिथल्या कामगारांना मजुरीचा काही भाग म्हणून जनावराचे शेपूट, आतडी, वजडी असे उरलेसुरले मिळे. चांगल्या मांसाचे चार भाग वरच्या लोकांचे. हा उरलेला 'पाचवा पाव'. आज त्याच शेपटाचा रस्सा खायला जगभरची माणसे तिथे टेबल राखून ठेवतात. ही गोष्ट आम्हांला आवडली, आणि जरा टोचलीही.

टोचली अशासाठी, की आपल्या तालुक्यांचा असा आराखडा करायचा झाला तर काय लिहाल, असा प्रश्न मॅडमनी सहज टाकला. भोरचे सोपे. पंतसचिवांचा राजवाडा, नीरेचा घाट, रोहिडा, वाटेत नसरापूरचे बनेश्वर. वेल्ह्याचे त्याहून सोपे: तोरणा आणि राजगड. (तालुक्यालाही आता राजगड हेच नाव दिले गेले आहे, आमच्या तोंडी अजून वेल्हेच येते.) जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले त्यांत राजगड आहे. एवढे लिहून आमची लेखणी थांबली. खाण्याच्या रकान्यात काय लिहायचे? पिठले-भाकरी लिहून सुटता येते, सगळेच लिहितात. पण या मावळात जे खरे खाल्ले जाते ते विकत मिळत नाही. हुलग्याचे माडगे कुठल्या पाटीवर दिसत नाही. पहिल्या पावसाला ओढ्यात धरलेल्या खेकड्यांचा काळा रस्सा, कुर्डूची भाजी, नव्या आंबेमोहोराचा भात हे सगळे कुणाच्या तरी घरीच जेवायला मिळते, आणि त्यासाठी आधी ते घर ओळखीचे असावे लागते. रोममध्ये अनोळखी माणूस उत्तम जेवू शकतो. इथे त्याला आधी पाहुणा व्हावे लागते. यात थोरवी कुणाची हा प्रश्न आमच्या मते गैरलागू आहे. टेस्ताच्चोतल्या कामगाराच्या बायकोने रांधलेला रस्साही एके काळी घरातच मिळत असणार.

असो. आराखडा पुरा झाला आणि बाकीचे कागद सुरू झाले. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, महाविद्यालयाचे रजापत्र. शिवाय एक अपेक्षा अशी, की अर्जदार परत येईल हे पटवून द्यावे. मुलाबाळांचे, नोकरीचे, मालमत्तेचे दाखले जोडावेत. आमचे अर्ज भरून देणाऱ्या पुण्याच्या गृहस्थांनी सांगितले, "जमीन असेल तर सातबारा लावा, चांगला दिसतो." साहित्याच्या आम्हा तिघांना जमीन नाही. सरांना आहे. ती फलटणकडे आहे.

सरांचे गाव हिरडस मावळात होते. भोरहून वरंधा घाटाकडे जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या कडेकडेने जातो. त्या पाण्याखाली ते आहे. धरणग्रस्ताला जमीन द्यायची ती धरणाच्या पाण्याने भिजणाऱ्या खालच्या मुलखात, असे पुनर्वसनाच्या कायद्याचे तत्त्व. तत्त्व म्हणून ते न्याय्यच आहे. ज्याने पाण्यासाठी घर दिले त्याला त्याच पाण्याचा वाटा मिळावा. पण भातखाचरांच्या माणसाला उसाच्या काळ्या रानात नेऊन ठेवले की तो तिथला होतोच असे नाही. सरांचे चुलते तिकडे गेले आणि रुळले; वडील भोरलाच खोली घेऊन राहिले; एक आत्या मुंबईला. सातबाऱ्यावर सरांचे नाव आहे, आणि त्या गट नंबरवर ते वर्षातून जेमतेम दोनदा जातात. "मी परत येईन याचा हा पुरावा," ते उतारा उलटसुलट करत म्हणाले, "आणि तिथे तर मी परत कधी जातच नाही."

आम्ही हसलो; तेही हसले. मग त्यांनी तारखांचा विषय काढला. आमचे जाणे वीस मेचे ठरत होते. सर म्हणाले, महिन्याच्या सुरुवातीलाच जाऊन येऊ.

कारण असे. उन्हाळ्यात खालच्या कालव्यांना पाणी सुटत जाते तशी धरणे उतरतात. भाटघरच्या जलाशयात कांबरेश्वराचे देऊळ आहे. इंग्रजी अमदानीत, १९२८ साली पुरे झालेले हे धरण. तेव्हापासून ते देऊळ वर्षाचा बहुतेक काळ पाण्यात असते, आणि मेच्या सुमारास मोकळे होते. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात, पुण्याची माणसे पाहायला येतात. सरांच्या गावाचे कुणी छायाचित्र काढत नाही, कारण काढण्यासारखे काही नाही. मेच्या अखेरीस चावडीचे जोते दिसू लागते. एखाद्या वर्षी पाणी आणखी खाली गेले तर ग्रामदेवतेचा चौथराही. देवी केव्हाच वर आणून बसवली आहे. तरी फलटणहून, मुंबईहून, पुण्याहून जमतील तेवढी घरे त्या भेगाळलेल्या चिखलावर एक दिवस येतात. तीन दगडांची चूल मांडतात, बकरे पडते, नाचणीच्या भाकरी बायका तिथेच थापतात आणि नैवेद्य रिकाम्या चौथऱ्याला दाखवतात. दिवस आधी ठरत नाही. पाणी किती उतरले ते कुणीतरी पाहून येतो आणि फोन फिरतात.

रोमचा फोरम, सरांनीच सांगितले, शतकानुशतके मातीखाली गेलेला होता आणि वर गुरे चरत. लोक त्याला गाईंचे कुरण म्हणत. एकोणिसाव्या शतकात पद्धतशीर खणून तो पुन्हा वर काढला. आता सकाळी ठरल्या वेळी उघडतो, ठरल्या वेळी बंद होतो. त्रेवीच्या कारंज्याचे पाणी ख्रिस्तपूर्व १९ मध्ये बांधलेल्या जलवाहिनीच्या वाटेने अजून येते, हेही त्यांच्या टिपणवहीत होते. त्या पाण्यासाठी कुणाला उठवले होते का, हे मात्र त्यांना कुठल्या पुस्तकात सापडले नाही. वाचत असतात अजून.

तारखा बदलल्या. विमानाचे भाडे माणशी थोडे वाढले, ते चौघांत वाटून घेतले. हातिचोकचे कळे मिळण्याची शक्यता सुधारली म्हणून मॅडम खूश. आम्ही आता दोन मेला निघून दहाला परत येणार. परतीच्या कारणांचा रकाना सरांनी नियमाप्रमाणे भरला: नोकरी, कुटुंब, शेतजमीन, जोडपत्र म्हणून फलटणचा उतारा. चौथ्या दिवसाची दुपार अजून रिकामी होती, तिथे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले: टेस्ताच्चो, खापरांची टेकडी, नंतर तिथेच जेवण. पुण्याच्या गृहस्थांनी विचारले, हे ठिकाण काही यादीत दिसत नाही, काढू का? सर म्हणाले, राहू द्या.