समुद्राकाठची न्हाणीघरं

"मामा, टेकू नकोस!" भाची ओरडली, पण तोवर उशीर झाला होता. माझ्या राखाडी जाकिटाच्या बाहीवर कोपरापासून मनगटापर्यंत निळा पट्टा उमटला होता आणि दाराच्या ताज्या रंगावर माझ्या बाहीची वीण. दाराची मालकीण, सत्तरी ओलांडलेली डॅनिश बाई, हातात ब्रश धरून खो-खो हसत होती. एरो बेटावरच्या रंगीत खोपटांशी माझी ओळख झाली ती अशी.

भाची ओडेन्सला राहते. मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही तिथून रेल्वेने पाऊण तासात स्वेनबोर्गला पोचलो आणि धक्क्यावरून फेरीबोट धरली. फ्यून बेटाच्या दक्षिणेचा हा समुद्र म्हणजे बेटांचा नुसता सडा. काही बेटांवर गाव, काहींवर चारदोन घरं, काहींवर फक्त पक्षी. पाणी इतकं संथ की बोट तळ्यातून चालल्यासारखी वाटते. सव्वा तासाने लाल कौलांचं एरोस्कोबिंग समोर आलं. अख्खं बेट 88 चौरस किलोमीटरचं आणि वस्ती सहा हजारांच्या आसपास. आमच्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी.

गाव सतराव्या-अठराव्या शतकातलं, गोट्यांच्या फरसबंदीचं. घरं एवढी बुटकी की पागोळी हाताला लागावी. भिंतींलगत गुलखैऱ्याची रोपं नुकती गुडघाभर झालेली. काही खिडक्यांत चिनी मातीच्या कुत्र्यांची जोडी. खलाशी घरी असला की कुत्र्यांची तोंडं घरात आणि तो दर्यावर गेला की बाहेर, वाटेकडे, असं इथे सांगतात. गावात एखादा दिवस सहज जाईल. पण मला ओढ होती खोपटांची. बंदरापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की वेस्टरस्ट्रँड, म्हणजे पश्चिमेचा किनारा लागतो.

समुद्रात घुसलेली जमिनीची अरुंद पट्टी, तिच्यावर वाळू आणि गवत, आणि गवताच्या कडेने ओळीत उभी लाकडी खोपटं. एक तांबडं, एक मोहरीच्या फुलासारखं पिवळं, एक हिरवं, एकाला पांढरे पट्टे. काहींची छपरं गवताने शाकारलेली. प्रत्येकाला चिमुकली पडवी, दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढी. एकासारखं दुसरं नाही, पण उंचीने कुणी कुणाच्या वर गेलेलं नाही.

डॅनिशमध्ये यांना जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ न्हाणीघर. भाचीने तो सांगितला तेव्हा मला हसू आलं, कारण आत नळ नाही की मोरी नाही. न्हायचं समुद्रात, खोपटं फक्त कपडे बदलायला. समुद्रस्नान प्रकृतीला चांगलं, असं युरोपातले डॉक्टर सांगू लागले, पण चारचौघांत कपडे उतरवणं त्या काळी शिष्टाचारात बसत नव्हतं. कुठे चाकांवरच्या बंद गाड्या घोड्यांकडून पाण्यात नेऊन उभ्या करत. खोपटं हे त्याच अडचणीवरचं साधं उत्तर. ती लाज केव्हाच गेली, खोपटं राहिली.

मी हर्णैला वाढलेला. त्यामुळे ओळ पाहून सौंदर्याआधी मनात आली ती भरती. आमच्याकडे उधाणाला पाणी अडीच-तीन मीटर चढतं, आणि इथे खोपटं पाण्यापासून पंधरा-वीस पावलांवर! बाईंना विचारलं, "भरतीला काय करता?" भाचीने प्रश्न पोचवला. बाईंनी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. बाल्टिककडच्या या पाण्यात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर असतो.

मग त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला गुडघ्याच्या खाली एक रेघ दाखवली. ऑक्टोबर 2023 मध्ये पूर्वेचं वादळ दोन दिवस वाहत राहिलं. वाऱ्याने बाल्टिकचं पाणी पश्चिमेच्या या कोपऱ्यात रेटलं आणि दक्षिण डेन्मार्कच्या किनाऱ्यांवर काही ठिकाणी पातळी दोन मीटरहून वर गेली. त्या रात्री पाणी त्यांच्या खोपटात शिरलं. रेघ त्यांनी पेन्सिलीने ओढली होती. तिच्यावर रंग मारायचा नाही, असं घरात ठरलेलं.

दाराची खराबी केल्याचा दंड म्हणून बाईंनी मला दुसरा ब्रश दिला. रंगवता रंगवता आतलं दिसत होतं: दोन घडीच्या खुर्च्या, गॅसची शेगडी, किटली, खुंटीवर टॉवेल, फळीवर शंख. खोपट आजोबांनी बांधलेलं. आता पणतू इथे पोहायला शिकतोय. खारा वारा रंग खातो, म्हणून दर मे महिन्यात सगळी भावंडं ब्रश घेऊन येतात. यंदा बहिणीचे गुडघे दुखतात, म्हणून त्या एकट्याच आल्या होत्या. "निळाच का?" विचारलं तर म्हणाल्या, "आजोबांच्या बोटीला लावून उरलेला रंग निळा होता."

नवी खोपटं का नाहीत, तेही कळलं. 1937 च्या निसर्गरक्षण कायद्याने डेन्मार्कमध्ये किनाऱ्यालगतच्या 100 मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई आली. पुढे मोकळ्या भागात हा पट्टा 300 मीटरचा झाला. वाळूवरून चालायचा, बसायचा, पोहायचा हक्क मात्र सगळ्यांना आहे. म्हणजे खोपट एकाचं, पण त्याच्या पुढ्यातला समुद्र कुणाचाही. आपल्याकडे किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली 1991 मध्ये. तिचं पुढे काय झालं ते कोकणातल्या वाचकाला मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मार्स्टालला गेलो. बेटावरची बस फुकट आहे. तिकीट काढायला खिशात हात घातला तर चालकाने नुसती मान हलवली. मार्स्टाल हे दर्यावर्दींचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इथे तीनशेहून अधिक शिडाची जहाजं होती. बंदराला आडोसा नव्हता, म्हणून 1825 पासून गावकऱ्यांनी हिवाळ्यात, जहाजं घरी असताना, दगड वाहून सुमारे किलोमीटरभर लांबीचा बांध घातला. गावाच्या दक्षिणेला एरिक्स हाले, म्हणजे एरिकची शेपटी, नावाच्या वाळूच्या दांड्यावर खोपटांची दुसरी ओळ आहे. तिथे वारा जास्त आणि माणसं कमी.

पण संध्याकाळी पाय पुन्हा वेस्टरस्ट्रँडकडेच वळले. निळं दार वाळलं होतं. बाईंनी कॉफी आणि राय नावाच्या धान्याचा काळा, आंबूस पाव दिला. पडवीत तिघं कसेबसे मावलो. मी पाण्यात गेलो, गुडघ्यापर्यंतच. त्या गारठ्यात पुढे जायची हिंमत झाली नाही. बाई मात्र गळ्यापर्यंत गेल्या आणि पोहून, केस पुसत परत आल्या. सूर्य साडेनऊनंतर मावळला.

ही खोपटं पोस्टकार्डावर झकास दिसतात, पण पोस्टकार्डाला ओल्या रंगाचा वास नसतो. ती टिकली ती कुणी स्मारक म्हणून जपल्यामुळे नव्हे. दरवर्षी कुणीतरी डबा उघडून बसतं म्हणून. जायचं असेल तर मे-जूनमध्ये जा, पोहायचा पोशाख बरोबर ठेवा, खिडकीतून आत डोकावू नका. आणि कुठल्याही दाराला टेकण्याआधी रंग वाळलाय का, तेवढं विचारा.