ऋतूंप्रमाणे जुन्या वस्तूंची मांडणी

मराठी घरातली ऋतुसजावट चैत्रापासून सुरू होते. चैत्र शुद्ध तृतीयेला देवघरातली गौर पितळी पाळण्यात बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात मिळालेला असा पाळणा लखलखीत करण्याची घाई नको. अनेक हातांच्या वापराने कडांवर आलेली झिलई हेच त्याचे खरे सौंदर्य. उन्हाळ्यात तांब्याचे घंगाळ पाण्याने भरून त्यात मोगरा सोडला, की बैठकीची खोली निवते.

पावसाळा जुन्या वस्तूंना सर्वांत कठीण. दमट हवेत तांबे-पितळ काळवंडते. चिंचेतले आम्ल तो थर विरघळवते, पण नंतर भांडे धुऊन पूर्ण कोरडे करावे लागते, नाहीतर हिरवट डाग उठतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातली चित्रे घरात असतील, तर या दिवसांत ती ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर लावावीत. कागदाला बुरशी फार लवकर धरते.

भाद्रपदात समया निघतात. दिवाळीत लामणदिवा टांगण्याआधी साखळीची प्रत्येक कडी तपासावी, कारण जुनी साखळी जोडांवरच झिजते.