उजेडाचा हिशेब

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘२४ मेगापिक्सेल’ ही अक्षरे ठसठशीत छापावीत आणि अंधारात चित्र उमटणार की नाही हे ज्यावर ठरते तो एफ-अंक मात्र भिंगाच्या कडेवर, डोळे बारीक केल्याखेरीज वाचता येऊ नये इतका लहान कोरावा, हा प्रघात मला आजही सलतो. सिंधुदुर्गातील जत्रांत रात्रभर रंगणारे दशावतारी खेळ टिपायचे आहेत, देवळापुढे उजेड बेताचाच असतो आणि नटाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणे मला मंजूर नाही, हे मी दुकानदाराला बयाजवार सांगितले होते. तरीही त्याने मेगापिक्सेलांचे माहात्म्य कथन करून सोबतचे १८-५५ मिलिमीटरचे झूम भिंग हातावर ठेवले आणि उजेड आत सोडणाऱ्या भिंगाच्या छिद्राविषयी अवाक्षर काढले नाही.

जत्रेत पखवाजाच्या तालावर दोन राजे तलवारी परजत भिडले, तेव्हा झूम पुढे नेताच छिद्र एफ ५.६ पर्यंत आकसले आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० वर नेऊनही शटर सेकंदाच्या पंधराव्या हिश्शाहून जलद होईना. परिणामी तलवारीचा पांढरा फराटा आणि मुकुटाखालचा पुसट चेहरा एवढेच हाती आले, कारण भिंगातली कंपनिरोधक यंत्रणा आपल्या हाताचा कंप सावरते, नटाची गिरकी नव्हे.

हिशेब वास्तविक सरळ आहे. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो, सबब अंक जितका लहान तितके छिद्र मोठे: ५५ मिलिमीटरला एफ ५.६ असता व्यास जेमतेम १० मिलिमीटर, तर ५० मिलिमीटरच्या एफ १.८ भिंगात तो सुमारे २८. आणि प्रकाश या अंकांच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो साडेनऊ पटींहून अधिक मिळतो. स्टॅन्ली क्युब्रिकने ‘बॅरी लिंडन’मधील (१९७५) प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले, ते नासासाठी घडवलेल्या झाइसच्या एफ ०.७ भिंगांच्या बळावर. म्हणून खरेदीला निघालेल्याने पैसा आधी भिंगावर घालावा, कॅमेरा बेताचा चालेल. आणि झूमच्या दूरच्या टोकाला कोणता अंक उरतो याची खातरजमा केल्याविना रक्कम मोजू नये.

परंतु एफ १.८ चे भिंग हाती आल्यावर निराळीच अडचण उभी राहिली: तीन मीटरांवर स्पष्टतेची पट्टी जेमतेम वीतभर उरते, एक राजा रेखीव तर दुसरा धूसर दिसतो, आणि दशावताराचा प्राण तर दोघांच्या समोरासमोरच्या संवादात असतो. म्हणून हल्ली मी छिद्र एफ २.८ पर्यंत मिटतो, आयएसओ चढवतो आणि चित्रातला दाणा पत्करतो. ज्या मोठ्या छिद्रासाठी एवढा हट्ट धरला ते पूर्ण उघडण्याची वेळ क्वचितच येते. तथापि ते किती उघडते हे गिऱ्हाइकाला आधी सांगणे विक्रेत्याचे कर्तव्यच आहे.