कच्ची वही

आपणही कांहीं लिहावें असें ज्याच्या मनांत एकदां तरी आलें नाहीं, असा सुशिक्षित मनुष्य आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि मनांत आल्याबरोबर ज्यानें लेखणी उचलली, असाही फारसा आढळत नाहीं. या दोहोंच्या मध्यें जी एक ऐसपैस जागा आहे, तींत आम्ही स्वतः तीस-पस्तीस वर्षें मोठ्या समाधानानें राहिलों. बढती मिळाली म्हणजे लिहूं, मुलींचीं लग्नें उरकलीं म्हणजे लिहूं. आणि सेवानिवृत्त झाल्यावर तर काय, लिहिण्यावांचून दुसरा उद्योगच उरणार नाहीं! या सर्व गोष्टी यथाकाल घडल्या. वही मात्र कोरीच राहिली. तेव्हां खरी अडचण वेळेची नव्हे, हें आम्हांस कबूल करणें भाग पडलें. आपणांस चांगलें लिहितां येत नाहीं, अशी आमची मनोमन खात्री होती, हेंच खरें कारण.

ही खात्री अगदींच निराधार होती, असें मात्र कोणीं समजूं नये. आमची सारी हयात कचेरींतील टिपणें आणि उत्तरें लिहिण्यांत गेली. मागें एकदां धीर करून आत्मवृत्ताचें पहिलें पान लिहावयास बसलों, तों पहिलें वाक्य कागदावर उतरलें तें असें: "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यांत येतें कीं, आमचा जन्म पुणें येथें झाला." वर जावक क्रमांक घालावयाचा तेवढा राहिला होता. सूनबाईनें चहाचा पेला ठेवतां ठेवतां तें वाचलें, आणि हंसूं आवरीत ती स्वयंपाकघरांत गेली. आम्हीं वही मिटली.

ती कायमचीच मिटली असती. परंतु त्या रात्रीं आम्हांस अण्णांच्या पेटीची आठवण झाली.

आमचे तीर्थरूप अण्णा शाळेंत मराठी शिकवीत. निबंध तपासण्यांत त्यांचा हात मोठा कडक. त्यांच्या तांबड्या शाईंतून एखाद्याचा निबंध निष्कलंक सुटला, तर त्याच्या घरीं पेढे वाटावे लागतील, असें मुलें थट्टेनें म्हणत. ते स्वतःही लिहीत असत. रात्रीं जेवणें होऊन निजानीज झाली, म्हणजे ते दिव्याशीं बसत. काय लिहीत, हें कोणासही ठाऊक नव्हतें. आईनें विचारलें तर "अजून कच्चें आहे" एवढेंच उत्तर मिळे. भरलेली वही खाटेखालच्या पत्र्याच्या पेटींत जाई. अशा सात वह्या त्या पेटींत होत्या.

सन 1961 च्या जुलै महिन्याच्या 12 तारखेस, बुधवारीं सकाळीं, पानशेतचें अपुऱ्या बांधणीचें मातीचें धरण फुटलें, आणि त्या लोंढ्यापुढें खालच्या अंगाच्या खडकवासल्याच्या जुन्या धरणाचाही निभाव लागला नाहीं. मुठेचें पाणी पात्र सोडून पुण्याच्या पेठांत शिरलें. आमचें बिऱ्हाड नारायण पेठेंत, नदीच्या बाजूस, एका वाड्याच्या तळमजल्यावर होतें. आम्ही तेव्हां सहा वर्षांचे होतों. घरची सर्व मंडळी नेसत्या वस्त्रांनिशीं सदाशिव पेठेंत आत्याबाईंकडे गेली. पाणी ओसरल्यावर अण्णा परत जाऊन पाहतात, तों वाड्याची मातीची भिंत बसलेली आणि खोलींत गुडघाभर चिखल. त्या चिखलांत पेटी सांपडली. तिचें कुलूप दगडानें फोडावें लागलें. आंत वह्या अशा उरल्याच नव्हत्या. निळसर रंगाचा लगदा होता. एका वहीचा पुठ्ठा तेवढा ओळखूं येण्यासारखा निघाला. त्यावर शिसपेन्सिलीनें लिहिलेलीं चार अक्षरें शाईचीं नसल्यामुळेंच काय तीं टिकलीं होतीं: "पक्की प्रत करणें आहे."

त्यानंतर अण्णा तेवीस वर्षें जगले. भांडींकुंडीं, कपडे, पुस्तकें, सर्व हळूहळू पुन्हां जमलें. संसार पुन्हां उभा राहिला. अण्णांनीं वही मात्र पुन्हां धरली नाहीं. त्या सात वह्यांत कविता होत्या, कादंबरी होती, कीं नुसत्या आठवणी होत्या, हें आज पृथ्वीच्या पाठीवर कोणासही सांगतां येणार नाहीं. तें लेखन कदाचित् सामान्यही असेल. परंतु आम्हांस तें सामान्य लेखनच हवें होतें. कारण तें आमच्या वडिलांचें होतें.

पुरानें अण्णांच्या वह्या नेल्या, असें आम्ही पुष्कळ वर्षें म्हणत आलों. आतां वाटतें, सगळा दोष पुराच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. त्या सातांपैकीं एकच वही त्यांनीं आईला वाचून दाखविली असती, तर तींतल्या चार गोष्टी तिच्या कानांत राहिल्या असत्या, आणि तिच्याकडून त्या आमच्यापर्यंत आल्या असत्या. पाण्यास फक्त कागद नेतां आला असता.

आपल्या लेखनाविषयीं शंका असणें हा दुर्गुण नव्हे. ज्यास आपल्या लेखनाची मुळींच शंका येत नाहीं, त्याचें लेखन वाचण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊं नये. प्रश्न आहे तो त्या शंकेनें कोठें बसावें हा. निबंध तपासावयाचा तो लिहून झाल्यावर. कोऱ्या कागदावर तांबडी शाई ओढणारा मास्तर कोणीं पाहिला आहे काय? अण्णांसारखा कसलेला शिक्षकही शाळेंत हा नियम पाळी आणि घरीं विसरे. दुसऱ्यांच्या मुलांस ते चुकूं देत, मग सुधारीत. स्वतःस त्यांनीं चारचौघांत चुकण्याची परवानगीच कधीं दिली नाहीं.

या विषयाचा विचार करतांना आम्हांस दोन नांवें सारखीं आठवतात. वरसईचे विष्णुभट गोडसे पेशानें भिक्षुक. दक्षिणा मिळवावी म्हणून ते उत्तरेकडे गेले आणि 1857 च्या धामधुमींत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं शहराच्या आंतून पाहिला. परत आल्यावर कितीएक वर्षांनीं, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून, 1883 सालीं त्यांनीं ती हकीकत लिहिली, आणि 1907 सालीं 'माझा प्रवास' या नांवानें ती छापून निघाली. दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांस अक्षरओळख झाली तीच मुळीं लग्नानंतर. 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग 1934 सालीं निघाला, तेव्हां त्यांनीं साठी ओलांडली होती. या दोघांनीं आपण साहित्यिक आहों कीं नाहीं याचा निकाल लागेपर्यंत वाट पाहिली असती, तर मराठी भाषा केवढ्या ठेव्यास मुकती!

येथें आमच्याच मनानें आम्हांस अडविलें. "भटजींनीं झांशी पाहिली; तुम्हीं काय पाहिलें? तळमजल्यांत शिरलेलें पाणी!" आक्षेप खरा आहे. परंतु झांशीवर लिहिणारे दुसरेही पुष्कळ निघाले. आमच्या तळमजल्यावर लिहिणारें आमच्यावांचून दुसरें कोण आहे?

शेवटीं आम्हीं एक दोनशें पानांची वही आणली, आणि ती पेटींत न ठेवतां दिवाणखान्यांत वर्तमानपत्रांशेजारीं ठेवली. घरच्या कोणींही वाचावी, आणि चूक दिसल्यास समासांत लिहावी, अशी सूचना पहिल्या पानावर केली. पहिले पंधरा दिवस तिला कोणीं हातही लाविला नाहीं. हे दिवस कठीण गेले, हें आम्ही लपवीत नाहीं. येतांजातां वहीची जागा हलली आहे काय हें आम्ही चोरून पाहत असूं. मग नातवानें चार ठिकाणीं ऱ्हस्वाचें दीर्घ केलें. सूनबाईनें एका परिच्छेदापुढें "येथें पुन्हां कचेरी उघडली" असा शेरा मारला. तो योग्यच होता. परदेशांतील पुतण्या फोनवर पानांचीं छायाचित्रें मागवूं लागला.

श्रावणांत अक्का चार दिवस राहावयास आली. ती आमच्याहून सात वर्षांनीं वडील. दुपारीं भिंग घेऊन तिनें सबंध वही वाचली, कांहीं बोलली नाहीं. संध्याकाळीं आम्हीं वही उघडली. पुराच्या हकीकतींत आमचें वाक्य होतें: "आईनें देव्हाऱ्यांतील देव पदरांत बांधले आणि ती घराबाहेर पडली." आईच्या देवभक्तीची ही गोष्ट आम्ही साठांहून अधिक वर्षें सर्वांस अभिमानानें सांगत आलों होतों. त्या वाक्याशेजारीं अक्काचें कांपरें अक्षर होतें: "देव माझ्या परकराच्या ओच्यांत होते. आईनें तुला उचललें होतें. तुला ताप होता."

आम्हीं चष्मा पुसला आणि आपलें वाक्य खोडलें.

तें वाक्य चुकीचें होतें. पण तें चुकीचें वाक्य उघड्यावर पडलें नसतें, तर खरें वाक्य आमच्या हातीं कधींच आलें नसतें. अक्कानें पंचाहत्तरी केव्हांच ओलांडली आहे, आणि त्या सकाळची साक्ष देणारें तिच्याखेरीज आतां कोणी उरलेलें नाहीं. लेखन निर्दोष होईपर्यंत आम्ही थांबलों असतों, तर दोष दाखविणारेंच माणूस उरलें नसतें.

वाचकांच्या घरींही अशी एखादी अक्का असेल, आणि खाटेखालीं एखादी पेटीही असेल. आम्हांस उपदेश करण्याचा अधिकार नाहीं. आमचें मराठी अजून अधूनमधून कचेरींत जाऊन येतें. आमची पहिली वही गेल्या महिन्यांत भरली. अण्णांच्या पुठ्ठ्यावरचे शब्द आम्हीं तींतही लिहिले आहेत, शिसपेन्सिलीनेंच. मात्र ते शेवटच्या पानावर लिहिले आहेत.