दीपस्तंभ जागेवरच, समुद्र मात्र दूर

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही वह्या-पुस्तके मिटून ठेवली आणि मराठीचा वर्ग थेट न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर भरवला. बरोबर डबे होते, सतरंज्या होत्या, आणि भारतातून नातवंडांना भेटायला आलेल्या दोन आजीही होत्या. आम्ही निघालो होतो सँडी हूकचा दीपस्तंभ पाहायला.

सँडी हूक म्हणजे समुद्रात उत्तरेकडे शिरलेला वाळूचा लांबलचक आकडा. न्यूयॉर्क बंदराकडे जाणारी जहाजे त्याच्या टोकाजवळून जातात. त्या आकड्यावर 103 फूट उंचीचा, पांढराशुभ्र, अष्टकोनी मनोरा उभा आहे. तो पहिल्यांदा उजळला 11 जून 1764 रोजी. अमेरिकेत आजही चालू असलेल्या दीपस्तंभांत हाच सर्वांत जुना.

तिथे गेल्यावर पहिलीच अडचण आली. उंची 48 इंचांपेक्षा कमी असेल तर वर सोडत नाहीत. म्हणजे आमचा सगळा शिशुवर्ग बाद! दोन्ही आजींनी तर 95 पायऱ्या आणि वर शिडी हे ऐकूनच हात जोडले. छोट्यांचे चेहरे पडले. तेव्हा आमच्या शिक्षिका काकूंनी फर्मान काढले, "जे वर जातील त्यांनी खाली आल्यावर सगळी हकिकत सांगायची. आणि तीसुद्धा मराठीतून!"

मोठी मुले एकमेकांकडे बघू लागली. त्यात आमच्या वर्गातला एक दहा वर्षांचा मुलगा होता. त्याची आजी दोन महिने त्यांच्याकडे होती आणि त्याच गुरुवारी परत जायची होती. या दोन महिन्यांत दोघांचे बोलणे झाले ते बहुतेक त्याच्या आईमार्फत. "आई, टेल हर ना," हे त्याचे ठरलेले वाक्य आम्ही सर्वांनीच ऐकले होते. खरे सांगायचे तर ते आमच्यातल्या पुष्कळ घरांतले वाक्य आहे.

आम्ही थोडे थोडे करून वर गेलो. गोल जिना चढताना मान गरगरली, पण वर पोहोचल्यावर डोळ्यांचे पारणे फिटले. एका बाजूला अटलांटिक, दुसरीकडे न्यूयॉर्कच्या इमारती, आणि डोक्यावर 1857 साली बसवलेले फ्रेनेल पद्धतीचे भिंग. काचेच्या अनेक लोलकांतून ते दिव्याचा प्रकाश एकवटते, म्हणून निरभ्र रात्री तो सुमारे 19 मैलांवरून दिसतो.

खाली आल्यावर सतरंजीवर छोटे आणि आजी वाट पाहतच होते. सुरुवात कुणी करेना. शेवटी तोच मुलगा आजीसमोर बसला आणि अडखळत सांगू लागला.

"आजी, इथे खूप बोटी फुटायच्या. म्हणून न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी लॉटरी काढली. त्या पैशाने हे बांधलं."

"लॉटरीच्या पैशाने?" आजी हसल्या. "बरं, मग?"

"मग लढाई झाली. 1776. इंग्रजांची जहाजं येणार होती. म्हणून इथल्या लोकांनी आपलाच दिवा काढून टाकला. तेलपण नेलं. पण इंग्रजांनी परत लावला. मग आपले लोक तोफ घेऊन आले." इथे त्याचा आवाज चढला. तोफ, गोळा, किल्ला हे शब्द शिवाजी महाराजांच्या धड्यातले, त्यामुळे ते कुठेच अडले नाहीत. "तोफगोळे मारले, पण भिंत पडलीच नाही!"

मग तो थांबला आणि म्हणाला, "पण आजी, मला कळत नाही. बारा वर्षं आधी एवढे पैसे जमवून लावलेला दिवा. तो स्वतःच कसा विझवला?"

आजी जराशा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अरे, आम्हीही विझवले आहेत. 1971 साली मुंबईत ब्लॅकआऊट असायचा. खिडक्यांना काळे कागद लावलेले. भोंगा झाला की दिवे बंद. तुझा बाबा तेव्हा तान्हा होता. अंधारात रडायला लागला की मी त्याला मांडीवर घेऊन नुसती बसून राहायची. दिवा लावावासा फार वाटायचा रे, पण लावायचा नाही."

ही गोष्ट त्याने पूर्वी कधी ऐकली नव्हती. त्याच्या बाबांनीही नाही, असे दिसले, कारण ते हातातला डबा तसाच धरून ऐकत राहिले.

मग वाळूची गोष्ट राहिली होती. तिला शब्द सापडेनात, तेव्हा त्याने चपलेने जमिनीवर आकडा काढला. मनोरा बांधला तेव्हा टोक फक्त 500 फुटांवर होते. लाटा आणि प्रवाह किनाऱ्यालगतची वाळू उत्तरेकडे वाहून आणतात आणि टोकाशी टाकतात. आता ते टोक सुमारे दीड मैलावर गेले आहे. एका ताईने लगेच हिशेब केला: वर्षाला साधारण 28 फूट! मनोरा तसूभर हलला नाही, समुद्रच लांब गेला. तरीही त्याचा दिवा जहाजांना दिसतो. 2012 च्या मोठ्या वादळातूनही तो सुखरूप राहिला.

ज्यांना जायचे असेल त्यांनी जरूर जावे. पायांत चांगले बूट घालावेत, आणि छोट्यांची उंची घरीच मोजून घ्यावी, म्हणजे रडारड होत नाही!

परतताना तो मुलगा मित्रांच्या गाडीत बसला नाही, मागच्या सीटवर आजीशेजारी बसला. "भोंगा कसा वाजायचा?" "काळे कागद कुठून आणले?" "बाबा खूप रडायचा का?" प्रश्न संपत नव्हते. मराठी मोडकीतोडकी होती. पुढे बसलेल्या आईला मात्र घर येईपर्यंत कुणी एकदाही "टेल हर" म्हटले नाही.